दारापाशी थांबलेली आई

समुपदेशकाच्या खोलीत आपल्या नातीच्या वयाची प्रशिक्षणार्थी बसलेली पाहून अनेक ज्येष्ठांचे पाऊल उंबऱ्यातच अडखळते. ‘एवढीशी पोर, हिला माझं दुःख काय कळणार?’ ही शंका रास्तच आहे. मात्र मानसोपचाराच्या इतिहासातील एक मोठे नाव, कार्ल रॉजर्स, हेही एकेकाळी असेच नवखे होते.

त्यांचा जन्म १९०२ साली शिकागोजवळच्या ओक पार्क येथे, कडक धार्मिक शिस्तीच्या घरात झाला. पुढे कुटुंब शेतावर राहावयास गेले. रॉजर्स आधी शेतीशास्त्र शिकू लागले, मग धर्मोपदेशक होण्यासाठी न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयात गेले आणि तेथून रस्त्यापलीकडच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळले. १९२८ मध्ये रॉचेस्टर शहरात मुलांच्या समस्यांवर काम करू लागले, तेव्हा त्यांची पीएच.डी. व्हायची होती.

तेथे एक आई आपल्या हूड मुलासाठी येत असे. मुलाला तिने लहानपणीच मनातून दूर लोटले, हेच सगळ्याचे मूळ, असे रॉजर्स यांचे निदान होते. ते तिला उमगावे म्हणून त्यांनी हळुवारपणे पुष्कळ खटपट केली. भेटीमागून भेटी झाल्या, यश येईना. अखेर थांबायचे ठरले, हस्तांदोलन झाले, ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, ‘इथे मोठ्या माणसांवरही उपचार करता का?’ परत येऊन बसली आणि आपल्या संसाराची सारी व्यथा तिने ओतली. खरा उपचार तेव्हा सुरू झाला. रॉजर्स यांना त्यातून उमगले ते हे की, कुठे दुखते, कोणत्या दिशेने जायचे, हे समोरच्या माणसालाच ठाऊक असते. त्यांचे निदान बरोबर की चूक, हा प्रश्नच मागे पडला!

१९४२ च्या पुस्तकात त्यांनी ‘रुग्ण’ हा शब्द टाळून ‘क्लायंट’ हा शब्द वापरला. ते प्रत्यक्ष भेटींचे ध्वनिमुद्रण करून त्याचा शिकविण्यासाठी उपयोग करीत. स्वतःचा आवाज ऐकताना आपण समोरच्याला किती वेळा अडवतो, हे शिकणाऱ्यांच्या ध्यानात येई.

आपल्या घरी असे मुद्रण झाले, तर काय ऐकू येईल? आजी म्हणतात, ‘मी आता सगळ्यांना ओझं झाले.’ आपण चटकन म्हणतो, ‘काहीतरीच काय बोलता!’ प्रेमापोटीच म्हणतो, पण बोलणे तिथेच मिटते. त्याऐवजी ‘आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतो, असं वाटतं का तुम्हाला?’ एवढेच विचारून गप्प बसावे. ती शांतता आपल्यालाच जड जाते, आजींना नव्हे.

ऐकणे म्हणजे औषध नव्हे, हेही खरे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जगणे नको वाटणे, असे काही असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावेच. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा मोफत आहे.

प्रशिक्षणार्थी समोर असेल, तर ‘तुमच्यावर कोणा वरिष्ठांची देखरेख आहे? माझी माहिती त्यांच्याखेरीज कोणाला कळेल?’ असे निःसंकोच विचारावे. मग पहिल्या भेटीत ती किती बोलते आणि तुम्हाला किती बोलू देते, तेवढे पाहावे.