दुकानाचा पत्ता यंत्राला कळेल असा लिहा

आज कोकणातील लहान व्यापारीही आपल्या धंद्याची वेब साईट करून घेऊ लागले आहेत. आंब्याच्या पेट्या पाठवणारे, मासळीचे व्यापारी, फर्निचर बनवणारे कारागीर, भरतकाम करणारे, आम्ही कापडवाले, सगळ्यांचाच त्यात समावेश आहे. जयगडसारख्या बंदराच्या गावात तर ही गरज अधिक. इथली माणसे मुंबईत, आखाती देशांत आणि जहाजांवर नोकरीला आहेत. घरच्या लग्नाची खरेदी, घराचे दरवाजे-खिडक्या, मुलांचे कपडे यांची चौकशी ते तिथून मोबाईलवर करतात.

परंतु या पानांच्या तळाशी, जिथे दुकानाचे नाव, पत्ता व फोन नंबर असतो, तिथेच बहुतेकांचे काम कच्चे राहते. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून चिकटवून दिलेला असतो. दिसायला छान. पण कुवेतमधल्या गिऱ्हाइकाने त्या नंबरावर अंगठा दाबला तर फोन लागत नाही, कारण मोबाईलच्या दृष्टीने तो नंबर नाही, चित्र आहे. तो नंबर कागदावर उतरवून पुन्हा दाबण्याइतका वेळ आज कोणाकडे आहे? गिऱ्हाईक पुढच्या दुकानाच्या पानावर जाते, आणि आपल्याला कळतही नाही की एक ऑर्डर हातची गेली. जे अंध आहेत व ज्यांचा मोबाईल पान वाचून दाखवतो, त्यांच्या लेखी तर असे दुकान बिनपत्त्याचेच.

कापडाच्या धंद्यातील मंडळींना ही गोष्ट समजावून सांगायला नको. इचलकरंजी किंवा भिवंडीहून गाठ येते तेव्हा तिच्यावर पार्टीचा मार्का, पोहोचण्याचे गाव आणि गाठीचा नंबर ठळक घातलेला असतो. आतल्या बिलात हे सगळे असतेच, पण हमाल काही गाठ फोडून बिल वाचत नाही. त्याला बाहेरून कळले पाहिजे. वेब पान वाचणारे यंत्रही या हमालासारखेच आहे. आपण लिहिलेल्या ओळीपैकी नाव कोणते, गाव कोणते आणि फोन कोणता, हे माणसाला अंदाजाने कळते. यंत्राला ते खूण करून सांगावे लागते. एचटीएमएल, म्हणजे ज्या भाषेत वेब पाने लिहितात, तिच्यात या खुणांना टॅग म्हणतात.

पत्त्यावर यंत्रासाठी खूण करण्याचा विचार इंटरनेटच्या आधीचा आहे, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे याचा अभिमान वाटावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने पिन कोड सुरू केला. त्याची आखणी करणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील सारंदचे. ते संस्कृतचे कवीही होते. अडचण अशी होती की एकाच नावाची गावे अनेक आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा व लिप्या निरनिराळ्या. मराठीत लिहिलेला पत्ता मद्रासच्या सॉर्टरने वाचायचा कसा? वेलणकरांनी सहा आकड्यांत उत्तर दिले. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. जयगडचा पिन ४१५६१४. यातले ४१५ साताऱ्याकडेही चालते, पण पुढचे ६१४ आले की पत्र जयगडलाच येते.

वेब पानावरही हेच करायचे आहे. यातला सर्वांत जुना टॅग ‘ॲड्रेस’ हा होय. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली टॅगांची जी पहिली यादी लिहिली, तिच्यातही तो होता. मात्र नावावरून लोकांची फसगत होते. हा टॅग कोणत्याही पत्त्यासाठी नाही. पान किंवा लेख ज्याचा आहे, त्याच्याशी संपर्क कसा साधावा, एवढ्यासाठीच तो आहे. दुकानाचा पत्ता, फोन, ईमेल त्यात घाला. पण ‘आमचा माल अमुक गोदामातून येतो’ असे लिहून त्या गोदामाचा पत्ता त्यात घातला तर ते चूक. आणखी एक बारीकशी गोष्ट. ब्राऊझर हा मजकूर आपोआप तिरका दाखवतात. इंग्रजीला ते शोभते, देवनागरीला शोभत नाही. पान बनवणाऱ्याला सांगून अक्षरे सरळ करून घ्यावीत.

नुसत्या ॲड्रेस टॅगने फोन लागणार नाही. त्यासाठी नंबराला ‘टेल’ची लिंक द्यावी लागते. पानावर नंबर देवनागरी आकड्यांत दिसला तरी हरकत नाही, आमच्या मते मराठी पानावर तो तसाच शोभतो. पण आतल्या लिंकमध्ये आकडे इंग्रजीच हवेत आणि नंबर पूर्ण, म्हणजे अधिक चिन्ह व ९१ सह हवा. जयगडच्या लॅण्डलाईनचा कोड आपण ०२३५७ लिहितो. लिंकमध्ये सुरुवातीचे शून्य काढून ९१ नंतर थेट २३५७ येते. हे शून्य तसेच ठेवले तर दुबईहून फोन लागत नाही, आणि गावातल्या गावात सर्व ठीक चालत असल्यामुळे दुकानदाराला पत्ताही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या लिंकची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे ९१ हवे, पण अधिक चिन्ह, शून्य, डॅश काहीही नको.

ज्यांची पाने उर्दूतही आहेत, त्यांच्यासाठी एक खास सूचना. उर्दू शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात. संगणकही हा नियम पाळतो आणि त्यातूनच गोंधळ होतो. कोड आणि नंबर यांच्यामध्ये मोकळी जागा किंवा डॅश असेल, तर उर्दू ओळीत दोन तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसते. नंबर आधी, कोड नंतर. अधिक चिन्ह तर पार दुसऱ्या टोकाला जाते. टाईप करणाऱ्याने बरोबरच टाईप केलेले असते, वाचणारा मात्र चुकीचा नंबर फिरवतो. उपाय सोपा आहे. तेवढ्या नंबरापुरती दिशा डावीकडून उजवीकडे अशी खूण टॅगमध्ये द्यायची. पान बनवणाऱ्याला उर्दू येत नसेल तर त्याला ही चूक दिसणारच नाही, म्हणून मालकाने स्वतः पाहावे.

आता पत्त्याच्या एकेका भागाकडे वळू. १९९० च्या दशकात काही कंपन्यांनी मिळून ‘व्हीकार्ड’ नावाची पद्धत काढली. मोबाईलमध्ये एकमेकांना कॉन्टॅक्ट पाठवतो तो आजही बहुधा याच रूपात जातो. २००४ साली तीच नावे वेब पानाच्या टॅगमध्ये घालण्याची ‘एचकार्ड’ ही रीत निघाली. नंतर जून २०११ मध्ये गुगल, बिंग आणि याहू या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘स्कीमा’ नावाची सामाईक शब्दसूची केली. आज नवे पान करताना हीच वापरावी. तिच्यात रस्ता, गाव, राज्य, पिन, देश, फोन, दुकान उघडण्याच्या वेळा, नकाशावरील जागा, प्रत्येकाला वेगळा रकाना आहे.

वेगळा रकाना कशाला, असे कोणी विचारील. आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत कोणी आपल्या गावाचे स्पेलिंग शेवटी ‘डी’ने करतो, कोणी ‘आरएच’ने. दुसरे स्पेलिंग घातले की जयपूरचा जयगड किल्ला समोर येतो. तो राजस्थानात, आपला किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर! नुसते ‘किल्ल्याजवळ, जयगड’ लिहिणाऱ्या दुकानाला यंत्राने कुठे नेऊन बसवावे? राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र आणि पिनच्या रकान्यात ४१५६१४ असले की संशयाला जागा उरत नाही. दुकानाचे नावही मराठी, उर्दू, इंग्रजी अशा तिन्ही रूपांत देता येते, त्यासाठी ‘दुसरे नाव’ असा रकाना आहे. मात्र जे पानावर दिसत नाही ते खुणांमध्ये लिहू नये. गुगलच्या नियमात ते बसत नाही, आणि सचोटीच्या व्यवहारातही बसत नाही.

वेळांचा रकाना आपल्या लोकांनी जरूर भरावा. जयगड आणि पलीकडचे गुहागर तालुक्यातील तवसाळ यांच्यामध्ये फेरीबोट चालते. तवसाळचे गिऱ्हाईक बोटीचे तिकीट काढून आले आणि शुक्रवारी दुपारी दुकानाला कुलूप दिसले तर दोष कोणाचा? स्कीमात प्रत्येक वाराच्या वेळा वेगळ्या देता येतात आणि एकाच दिवसाचे दोन भागही करता येतात. जुमाच्या नमाजपूर्वी बंद, नंतर पुन्हा उघडे, असे स्पष्ट सांगता येते. रमजानमध्ये कापडाचा बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. तेवढ्या महिन्याच्या वेळा ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशा वेगळ्या लिहिता येतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत असल्याने त्या तारखा दरसाल बदलाव्या लागतील, हे कोणाच्या तरी अंगावर टाकून ठेवावे.

एवढे केले म्हणजे गुगलवर आपण पहिले दिसू, असे कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. खुणांमुळे यंत्राचा गोंधळ टळतो, नंबर मिळण्याची हमी मिळत नाही. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करणे हे वेगळे काम आहे, आणि तेही फुकट होते. फक्त नकाशा, वेब साईट आणि बिलबुक या तिन्ही ठिकाणी नाव, पत्ता व फोन अक्षरशः एकच असावा.

जुन्या मराठी साईटचा आणखी एक आजार आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेली पुष्कळ पाने युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये आहेत. ती वरून मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. अशा पत्त्यावर कितीही खुणा केल्या तरी व्यर्थ. आधी मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करून घ्यावा.

सर्वांनीच सगळे उघड करावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. जो नंबर ग्राहकाच्या यंत्राला कळतो, तो नको त्या जाहिराती पाठवणाऱ्यांच्या यंत्रालाही कळतो. घरी बसून शिवण, जरीकाम, लोणची-पापड करणाऱ्या भगिनींनी घराचा पत्ता व घरचा मोबाईल देऊच नये. धंद्यासाठी वेगळे सिम घ्यावे, पत्त्यात गाव आणि पिन एवढेच द्यावे आणि ‘आम्ही अमुक भागात माल पोहोचवतो’ असा जो रकाना स्कीमात आहे तो भरावा. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. दहा अक्षर-आकड्यांचा हा कोड सुमारे चार मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. वाडीतल्या बिननंबरी दुकानाला तो उपयोगी पडेल, परंतु राहत्या घराचा डिजिपिन पानावर टाकण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

जे वेब साईटवरूनच माल विकतात त्यांना मात्र पत्ता लपवता येणार नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे धंद्याचे कायदेशीर नाव, मुख्य कचेरीचा पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ग्राहकाला सहज दिसेल असा द्यावा लागतो. घरून असा धंदा करणाऱ्यांनी शक्य तर व्यवसायाचा पत्ता वेगळा ठेवावा.

हे सगळे जाणत्या मुलाचे फार तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. काम झाल्यावर स्कीमाचा व्हॅलिडेटर म्हणून एक फुकट तपासणी पान आहे, त्यात आपल्या साईटचा पत्ता टाकून चुका त्याच्यासमोरच पाहाव्यात. मग आपल्याच मोबाईलवरून नंबरावर अंगठा दाबावा आणि परदेशातल्या एखाद्या नातलगालाही दाबायला सांगावे. दोन्हीकडून दुकानातला फोन वाजला, तरच बिल चुकते करावे.