उडीचा हिशेब

खेळ बनवायला शिकवायचा पहिला तास संगणक बंद ठेवूनच घ्यावा, असं माझं पक्कं मत झालं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या एका गावात उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावी ते नववीच्या मुलांना मी व्हिडिओ गेम तयार करायला शिकवतो. मुलं येतात ती थेट माउस हातात घ्यायच्या तयारीनं. मी त्यांना व्हरांड्यात नेतो. खाली शहाबादी फरशी असते. एक जण बिबट्या होतो, बाकीचे त्याला हुकूम देतात, आणि त्यानं सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं अजिबात वापरायचं नाही, एवढी एकच अट असते.

“पुढं जा,” असं कुणीतरी ओरडतं. बिबट्या चालू लागतो आणि चालतच राहतो, कारण थांब असं कुणी म्हटलेलंच नसतं. तो भिंतीला टेकतो आणि सगळे हसतात. मग हुकूम सुधारतो: “तीन फरश्या पुढं जा.” “उजवीकडं वळ” म्हटल्यावर किती वळायचं ते ठरेना, म्हणून “काटकोनात वळ.” थोड्या वेळानं एखादी मुलगी सांगते, “भिंत आली तर माघारी फिर, नाहीतर चालत राहा.” हे वाक्य आलं की माझा पहिला तास संपतो. क्रम, पुनरावृत्ती आणि अट ही प्रोग्रॅमिंगची तिन्ही मूळ साधनं मुलांनी स्वतःच्या गरजेपोटी शोधून काढलेली असतात. त्यांची नावं मी नंतर सांगतो. नावं आधी सांगितली की मुलं ती पाठ करतात आणि वापरायची राहून जातात.

बिबट्या मी सुचवत नाही. या भागातल्या मुलांना पहिला खेळ कसला करायचा असं विचारलं की दर गटात कुणीतरी ऊस आणि बिबट्या काढतंच. जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला बिबट्यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतीपट्ट्यात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे राहत असल्याचं त्यात दिसलं. मुलांना या आकड्याची गरज नाही. रात्री पाणी धरायला गेलेला बाप घरी येईपर्यंत जागी राहिलेली ही मुलं आहेत. तरीही सातवीतल्या एका मुलीच्या खेळात बिबट्या शत्रू नव्हता, खेळाडूच होता. बॅटरीच्या उजेडात न येता त्यानं फडातून पलीकडे पोचायचं, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तोडणी झाल्यामुळे ऊस कमी होत जायचा. खेळ अवघड कसा करत न्यावा, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आम्ही वापरतो ते स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं ते तयार केलं आणि 2007 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा केली होती, तिचाच हा वारसा. स्क्रॅचमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत; रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. त्यामुळे स्वल्पविराम चुकला म्हणून अख्खा प्रोग्रॅम अडला, असं होत नाही. नवख्या मुलाचे पहिले दिवस वाचतात ते यानंच. पडदा 480 बाय 360 मापाचा, आणि शून्य बरोबर मधोमध. डावीकडे गेलं की क्ष ऋण, खाली गेलं की य ऋण. निर्देशक भूमितीचा धडा नववीच्या पुस्तकात आहे. पण आपला बिबट्या पडद्याच्या डाव्या कडेला उभा करायचा असला की सहावीचा मुलगासुद्धा -240 च्या आसपासचा आकडा स्वतः शोधतो.

खरं शिक्षण सुरू होतं ते उडीपाशी.

उडी मारायची कशी असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: य 80 नं वाढव, मग 80 नं कमी कर. कळ दाबली की बिबट्या वर दिसतो न दिसतो तोच खाली. मग मुलं ती उडी तुकड्यांत करतात. दहा वेळा 8 नं वर, दहा वेळा 8 नं खाली. आता तो वर जाताना दिसतो, पण मुलांना ते पटत नाही. “सर, हा लिफ्टमध्ये बसल्यासारखा कामून चाल्लाय?” असं एकानं विचारलं होतं, आणि दोष त्यानं नेमका पकडला होता. अशा वेळी मी उत्तर देत नाही. सगळ्यांनी अंगणात जायचं, रबरी चेंडू सरळ वर फेकायचा आणि नुसतं बघायचं. सुटतो तेव्हा वेगात, वर जाता जाता हळू, टोकाला क्षणभर थबकलेला, आणि खाली येताना पुन्हा वेगात.

मग वहीत ‘वेग’ नावाचा रकाना येतो. कळ दाबली की वेग 12. त्यानंतर प्रत्येक क्षणाला दोनच कामं: य मध्ये वेग मिळव, आणि वेगातून 1 वजा कर. मुलं हातानं बेरीज करतात: 12, 23, 33, 42, 50, 57, 63, 68, 72, 75, 77, 78. पुढचा आकडा पुन्हा 78, आणि मग 77, 75 असं उतरत पुन्हा शून्य. टोकाला 78 दोनदा का आलं, असं एका मुलीनं विचारलं. तिच्या शेजारणीनं वहीत बोट ठेवून दाखवलं: तिथं वेग शून्य झालाय, म्हणून बेरजेत काहीच पडलं नाही. अंगणात चेंडू टोकाला थबकलेला दिसला होता, तो हा शून्य. गुरुत्वाकर्षणाचा धडा या मुली दहावीत वाचतील तेव्हा तो त्यांना अनोळखी वाटणार नाही.

स्क्रॅच सेकंदाला 30 वेळा हे गणित करतं, त्यामुळे 25 पावलांची ही उडी सेकंदाच्या आतच संपते. ठोकळे लावून हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली आणि बिबट्यानं खरीखुरी झेप घेतली की खोलीत जो गलका होतो, तो ऐकायला मला दर उन्हाळ्यात पुन्हा यावंसं वाटतं. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेन यांनी 2013 मध्ये एकट्यानं केलेला आणि जगभर गाजलेला फ्लॅपी बर्ड हा खेळही मुळात याच दोन ओळींवर उभा आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

उडीनंतर लगेच पुढची अडचण येते. उंच बांधावरून उतरलेला बिबट्या गुडघ्यापर्यंत जमिनीत रुततो. कारण जमिनीला लागलो का, हा प्रश्न यंत्र पाऊल टाकून झाल्यावर विचारतं. वेग -17 झालेला असेल आणि जमीन 2 अंतरावर असेल, तर उत्तर मिळेपर्यंत तो 15 आत गेलेला असतो. उपाय मुलांनीच काढला: जमीन लागते आहे तोवर एकेक नं वर उचल, आणि वेग शून्य कर.

असल्या चुका शोधताना शिकवणाऱ्यानं एक पथ्य पाळलंच पाहिजे: मुलाच्या माउसला हात लावायचा नाही. “सर, चालंना” म्हणत मूल येतं तेव्हा मी एवढंच विचारतो, काय व्हायला हवं होतं आणि काय होतंय? ही दोन वाक्यं नीट सांगता आली की पुष्कळदा तिसऱ्याची गरज पडत नाही. मूल बोलता बोलता थांबतं आणि जागेवर पळतं. मी माउस घेऊन ठोकळा सरकवला तर खेळ चालू होईल, पण चूक कुठे होती ते मला कळेल, त्याला नाही. एकदा एका मुलाच्या पडद्यावर उसाचे बुडखे दुपटीनं वाढायला लागले: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. ‘स्वतःची प्रतिकृती कर’ ही आज्ञा त्यानं सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या निरोपाखाली लावली होती, आणि तो निरोप प्रतिकृतीही ऐकत होत्या. स्क्रॅच 300 प्रतिकृतींवर थांबतं म्हणून यंत्र वाचलं. दुपटीची वाढ किती झपाट्यानं होते, हे त्या मुलाला आता वेगळं शिकवावं लागणार नाही.

दुसरा खेळ मात्र मी सुचवतो: मोक्षपट. सापशिडीच्या या जुन्या रूपाचं श्रेय परंपरेनं ज्ञानेश्वरांना दिलं जातं, आणि शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच नेवाशात. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब या मुलांनी अनेकदा पाहिलेला असतो. मोक्षपटात शिड्या म्हणजे गुण, साप म्हणजे दुर्गुण. पडद्याची उंची 360, म्हणून 36 मापाचं एक घर धरलं की दहा बाय दहाचा पट नेमका बसतो. पहिल्या घराचा मध्य क्ष -162, य -162. गंमत आहे ती ओळ वळते तिथं: 10 वरून सोंगटी सरळ वर 11 वर जाते आणि मग उलट्या दिशेनं चालते. घराच्या आकड्याला 10 नं भागा, भागाकार म्हणजे ओळ, बाकी म्हणजे रकाना, आणि एकाआड एक ओळ उलटी. हे मुलांनी चौकटीच्या वहीवर काढलं. पण 10 वरची सोंगटी दुसऱ्याच ओळीत जाऊन बसली. भागण्याआधी 1 वजा करायला हवा, हे सापडायला अख्खी सकाळ गेली. ती सकाळ वाया गेली असं मी मानत नाही.

नियमांवर तर भांडणंच झाली. 97 वर असताना 6 पडले तर? एका घरी जागेवर थांबतात, दुसऱ्या घरी 100 ला शिवून तीन घरं मागं येतात. सहा पडले की पुन्हा डाव द्यायचा का? तीनदा सहा पडले तर? घरी खेळताना यावर आजीचा शब्द शेवटचा असतो. यंत्राला मात्र खेळ सुरू होण्याआधी निकाल हवा असतो. अखेर मुलांनी सुरुवातीलाच ‘तुमच्या घरचा नियम कोणता?’ असं विचारायची सोय केली. मला ती फार आवडली.

मग साप कुणाला म्हणायचं, यावर चर्चा झाली. रात्रभर मोटार चालू सोडून झोपणं हा साप सगळ्यांना मान्य. “शाळा बुडवून कांदे काढायला जाणं,” असं एकीनं सुचवलं, तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, “तो काय दुर्गुण हाय का? घरचं काम हाय.” खोली गप्प झाली. तो साप मुलांनी यादीतून काढला, आणि मी मध्ये बोललो नाही.

एका मुलाला फासा नको होता. त्याच्या आजीकडे कवड्या होत्या. सहा कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तेवढी घरं चालायचं. त्यानं 0 किंवा 1 असा यादृच्छिक आकडा सहा वेळा काढून बेरीज केली. तेव्हा लक्षात आलं की 6 जवळजवळ पडतच नाहीत आणि 3 सारखे पडतात. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असं धरलं तर एकूण शक्यता 64. त्यात 3 येण्याच्या 20 आणि 6 येण्याची फक्त एक. फाशात सगळे आकडे सारख्या हक्काचे, कवड्यांत नाहीत. खेळाचं रूपच त्यानं बदलतं. मग खऱ्या कवड्या तरी सारख्या पडतात का, हे तपासायला तो गट आजीसमोर ओट्यावर जाऊन बसला.

पालकांची शंका मात्र रास्त असते. “सर, पोरगं आधीच मोबाईलमध्ये तोंड घालून बसतंय, आणि तुम्ही गेमच शिकवताय?” असं एका वडिलांनी विचारलं. गावागावांत पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांनी काय केलं, ते त्यांनी पाहिलेलं होतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यावर बंदीचा कायदा करावा लागला. मी त्यांना मुलाशेजारी बसवलं आणि मुलाला म्हटलं, बाबांना उडीचा हिशेब समजावून सांग. खेळ खिळवून कसा ठेवतो, हे आतून पाहिलेलं मूल त्यात सहजासहजी अडकत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यापुढे पायथन ही भाषा किंवा गोडो हे खेळ बनवायचं साधन यांच्याकडे वळणारी मुलं थोडी असतात, आणि सगळ्यांनी वळावं असा माझा आग्रहही नाही. पण पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं केलेला ‘राजी’ हा खेळ 2020 मध्ये जगभर विकला गेला, हे मुलांना माहीत असावं.

यासाठी लागतं फार थोडं. स्क्रॅच फुकट आहे, आणि एकदा उतरवून पेनड्राइव्हवरून टाकलं की इंटरनेटशिवाय चालतं. शाळेतली यंत्रं जुनी असतील तर 1.4 ही जुनी आवृत्ती घ्या. तीत प्रतिकृतींची सोय नाही, पण उडीही होते आणि मोक्षपटही. लोणी, संगमनेर, कोपरगाव, नगर इथं अभियांत्रिकी शिकणारी आपली मुलं सुट्टीत गावी येतातच. त्यांना शाळेत बोलवा. मुख्याध्यापकांनो, संगणकांवरची कापडी आवरणं काढा, वीज असेल त्या वेळी खोली उघडी ठेवा आणि दोन मुलांत एक यंत्र द्या. एवढं या मे महिन्यात करून बघाच.