विमानांतील दप्तर आणि कांचेची पाटी

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई हें क्षेत्र आमच्या पुष्कळ वाचकांस योगेश्वरीच्या दर्शनामुळें परिचित आहे. कोंकणांतील अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी होय. परंतु दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकीं थोडेच लोक त्याच गांवीं जतन करून ठेवलेली दासोपंतांची पासोडी आठवणीनें पाहून येत असतील. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला ‘गीतार्णव’ रचणाऱ्या या सत्पुरुषानें पंचीकरणाचा विषय सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर लिहून काढिला. ग्रंथास कागदच पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. भूर्जपत्र, ताडपत्र, कापड, कागद हीं सारीं ज्ञानाचीं भांडीं. भांडें बदललें म्हणजे आंतील दूध बदलतेंच असें नाहीं. मात्र नवें भांडें गळकें तर नाहीं ना, हें पाहून घेणें जाणत्या माणसांचें काम आहे.

हा दृष्टांत आज आठवण्याचें कारण असें कीं, लहान विमानाच्या कॉकपिटांतून, म्हणजे वैमानिकाच्या बैठकीच्या जागेंतून, कागद झपाट्यानें नाहींसा होत आहे व त्याची जागा पाटीएवढ्या टॅब्लेटनें घेतली आहे. हा विषय आपल्या घरांपासून फार दूरचा राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत गोंदिया, धुळें, शिरपूर, बारामती अशा ठिकाणीं वैमानिकांचें शिक्षण दिलें जातें. इंजिनियर वा डॉक्टर होण्याचा बेत सांगावा तितक्या सहजपणें आज एखादी पुतणी किंवा नातू ‘मी वैमानिक होणार’ असें पंक्तींत बसून सांगतो. अशा वेळीं आजोबांनीं विचारलें कीं, “बाबा रे, आकाशांत वाट चुकलास, तर कोणाला विचारशील?” तर त्या प्रश्नास हंसूं नये. तो प्रश्न अगदीं मर्मावरचा आहे.

आरंभीं वैमानिकाच्या दप्तरांत काय काय असे, तें पाहूं. प्रथम नकाशे. वैमानिकांच्या एका प्रचलित नकाशांत एक मिलिमीटर म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर असें प्रमाण असतें. त्यावर बीड व अंबाजोगाई यांमध्यें सुमारें सात सेंटिमीटर अंतर भरेल. मग विमानतळांचे तक्ते, धांवपट्ट्यांची लांबी, रेडिओच्या कंपनसंख्या, विमानाची नियमपुस्तिका, वजन व तोल यांचें गणित, हवामानाचा अहवाल आणि ‘नोटॅम’ नांवाच्या तात्पुरत्या सूचना; शिवाय वाऱ्याचा हिशेब करण्याचें गोल गणकचक्र, पट्टी आणि पेन्सिल. चार माणसांच्या लहान विमानांत आंतील रुंदी जेमतेम एक मीटर असते. तेवढ्या जागेंत नकाशा उलगडला म्हणजे शेजाऱ्याचें तोंड झांकावें आणि समोरची खिडकीहि दिसूं नये, अशी अवस्था होते.

हें दप्तर आलें कशासाठीं? १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला उतरले, तेव्हां त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानांत रेडिओ नव्हता. भूमीवरील खुणा, होकायंत्र, घड्याळ आणि स्वतःची अक्कल यांवर सारी भिस्त होती. परंतु विमानें जशीं गुंतागुंतीचीं झालीं, तशी एकट्या स्मृतीची शक्ति तोकडी पडूं लागली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत बोइंग कंपनीचें एक नवें मोठें विमान परीक्षेच्या उड्डाणांत वर चढतांच कोसळलें व त्यांत दोन निष्णात वैमानिक प्राणांस मुकले. चौकशींत निघालें तें इतकेंच कीं, विमान उभें असतां त्याच्या शेपटाच्या सुकाणूंस जें कुलूप घालतात, तें काढावयाचें राहून गेलें होतें. त्यानंतरच उड्डाणापूर्वीं एकेक कलम वाचून तपासण्याची ‘चेकलिस्ट’ वैमानिकांत रूढ झाली. कागद कॉकपिटांत आला तो दफ्तरी थाटासाठीं नव्हे. अनुभवी माणूसहि विसरतो, या कटु सत्यापोटीं आला.

पण या दप्तराचे हालहि कमी नव्हते. विमानतळांचे व हवाई मार्गांचे तक्ते जगभर अठ्ठावीस दिवसांच्या ठराविक चक्रानें सुधारले जातात. पूर्वीं सुधारलेले कागद टपालानें येत. वैमानिकानें बसून जुनें पान काढावें व नवें पान वहींत घालावें. एक पान चुकीच्या जागीं गेलें, तर पावसाळी रात्रीं धांवपट्टीकडे उतरतांना त्याची किंमत मोजावी लागे. मोठ्या विमानांच्या वैमानिकांचें दप्तर तर सुमारें सोळा किलोंचें असे. २०१० सालीं आयपॅड बाजारांत आला आणि दोन-तीन वर्षांतच चक्र फिरलें. २०१३ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें आपल्या वैमानिकांचीं कागदी दप्तरें निकालांत काढलीं. लहान विमानवाले तर कंपनीच्या आज्ञेची वाट न पाहतां केव्हांच टॅब्लेटकडे वळले होते. आपल्याकडेहि भारतीय विमानतळ प्राधिकरण आपली अधिकृत हवाई माहिती संगणकावर प्रसिद्ध करतें, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें तर वैमानिकांचा परवानाच विद्युत् स्वरूपांत देण्यास आरंभ झाला. चीननंतर असा परवाना देणारें भारत हें दुसरें राष्ट्र होय.

या पाटीचा उपयोग कसा होतो, तें एका कल्पित प्रवासानें पाहूं. छत्रपति संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून निघून, बीडवरून, लातूरला जावयाचें आहे. एकंदर अंतर सुमारें दोनशें किलोमीटर. ताशीं दोनशें किलोमीटर वेगाच्या लहान विमानास साधारण एक तास. सोळा-सतरा मिनिटांत गोदावरीचें पात्र खालीं येतें. उजव्या हातास पैठणचा नाथसागर चकाकतो. नदी ओलांडली कीं बीड जिल्हा लागला. अर्ध्या तासानें बिंदुसरेच्या कांठचें बीड, पुढें बालाघाटच्या रांगा, मग उजवीकडे मांजरा धरणाचें पाणी, डावीकडे अंबाजोगाई व त्यापलीकडे परळीच्या वीजकेंद्राचीं धुराडीं, आणि मग लातूर.

आतां समजा, पश्चिमेकडून ताशीं तीस किलोमीटरचा वारा आहे. वैमानिकानें होकायंत्रावर बीडची दिशा धरून नाक सरळ ठेवलें, तर अर्ध्या तासांत वारा त्यास चौदा-पंधरा किलोमीटर पूर्वेस लोटील आणि जेथें बीड असावयाचें, तेथें भलतेंच गांव दिसेल. कागदाच्या पद्धतींत वैमानिकानें घरीं बसून गणकचक्रावर हा हिशेब करावा, नाक किती अंश पश्चिमेकडे वळवावें हें काढावें, आणि दर दहा मिनिटांनीं कोणती खूण दिसली पाहिजे, तें लिहून ठेवावें. टॅब्लेटवर हें सारें क्षणांत होतें; शिवाय नकाशावर विमानाचें इवलेंसें चित्र सरकत असतें. आकाशांत ‘मी कोठें आहें?’ या प्रश्नाइतका भयंकर प्रश्न दुसरा नाहीं, आणि हें यंत्र त्याचें उत्तर न विचारतां देतें. पावसाळ्यांत बालाघाटावर ढग उतरले असतां हें साह्य जीव वांचविणारें ठरेल, यांत शंका नाहीं. या उपकाराबद्दल कृपणपणें बोलणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

परंतु भांडें कोठें गळतें, तेंहि सांगितलें पाहिजे. पहिला शत्रु ऊन. आयपॅडच्या निर्मात्यांनींच तें यंत्र शून्य ते पस्तीस अंश उष्णतेंत वापरावें असें सांगितलें आहे. बीडला चैत्र-वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हांत उभ्या असलेल्या विमानाच्या कांचेच्या खोलींत तर भट्टीच होते. अशा वेळीं पाटी तापली म्हणजे स्वतःच्या रक्षणासाठीं आपण होऊन बंद पडते, आणि ‘थंड होईपर्यंत थांबा’ अशी सूचना दाखविते. विमानास मात्र थांबतां येत नाहीं. कागदाचा नकाशा उन्हानें पिवळा पडेल, पण मिटणार नाहीं.

दुसरा दोष परावलंबनाचा. नकाशावर सरकणारें चित्र उपग्रहांच्या संकेतांवर चालतें. हे संकेत फार क्षीण असतात. ते दाबतां येतात व खोटेहि पाठवितां येतात. २०२५ सालीं दिल्लीच्या विमानतळानजीक कांहीं विमानांस असे खोटे संकेत मिळाल्याचें केंद्र सरकारनें संसदेंत मान्य केलें. तिसरी गोष्ट, एकच चूक एकाच क्षणीं सर्वांच्या हातांत पोंचते. एप्रिल २०१५ मध्यें टॅब्लेटवरील नकाशांच्या प्रणालींत बिघाड झाल्यामुळें त्याच अमेरिकन एअरलाइन्सचीं कित्येक डझन उड्डाणें खोळंबलीं. कागदाचीं पानें एका वैमानिकाचीं हरवतील, सर्वांचीं एकदम हरवणार नाहींत. याखेरीज बारीकसारीक खोडी आहेतच. कांहीं काळ्या चष्म्यांतून पडदा काळाठिक्कर दिसतो. पाटींतील वा तिच्या वेष्टणांतील चुंबक होकायंत्राजवळ आल्यास त्याची सुई बहकते. आणि कित्येक स्वस्त टॅब्लेटांत उपग्रहांचे संकेत घेण्याची सोयच नसते, हें घेतल्यावर कळतें.

आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो तो दोष मात्र यंत्राचा नसून मनुष्याचा आहे. निरभ्र आकाशांत उडणाऱ्या लहान विमानाचें मुख्य संरक्षण म्हणजे वैमानिकाचे बाहेर पाहणारे डोळे. दुसरें विमान, घारींचा थवा, चढत येणारा मेघ, हें सर्व खिडकींतून दिसावयाचें असतें. पाटी सुंदर आहे, रंगीत आहे, आणि नजर धरून ठेवणारी आहे. घरांत जेवतांना मोबाइलमध्यें मान घालून बसलेल्या मुलांस आपण रागें भरतों. तीच मान आकाशांत खालीं गेली, तर रागें भरावयास तेथें कोणी नसतें.

मग करावें काय? चांगले शिक्षक सांगतात तो मार्ग साधा आहे. टॅब्लेट घ्यावा, पण एकट्यावर विसंबूं नये. दुसरें यंत्र किंवा निदान त्या दिवसाच्या मार्गाचा कागद जवळ असावा. निघण्यापूर्वीं नकाशे अद्ययावत् आहेत व यंत्रांत उतरवून घेतलेले आहेत, हें पाहावें. बॅटरी भरलेली असावी. पाटी उन्हाआड व होकायंत्रापासून दूर बसवावी. आणि मुख्य म्हणजे शिकतांना पहिला हिशेब हातानेंच करावा. गोदावरी किती वाजतां, बीड किती वाजतां, हें ज्याच्या मनांत आहे, त्याची पाटी विझली तरी तो खालीं पाहून नदी ओळखील, घड्याळाकडे पाहील आणि लातूर गांठील. ज्याच्या मनांत कांहींच नाहीं, त्यास पाटी विझतांच सारें आकाश सारखेंच.

व्यापारी वैमानिकाच्या परवान्यासाठीं आपल्याकडे किमान दोनशें तासांचें उड्डाण लागतें. या तासांचा खर्च मोठा आहे, आणि तो कुटुंबासच सोसावा लागतो. तेव्हां मुलास शाळेंत घालण्यापूर्वीं तेथें किती नवीं यंत्रें आहेत, एवढेंच पाहून वडीलधाऱ्यांनीं समाधान मानूं नये. ‘पाटी बंद करून हीं मुलें उडूं शकतात काय?’ असा एकच प्रश्न त्यांनीं तेथें विचारावा. त्याच्या उत्तरांत शाळेची परीक्षा होऊन जाईल.

आपल्याकडे वेदविद्या शतकानुशतकें कागदावांचून चालली. परंतु ती कंठांत होती म्हणून चालली. पुस्तक आलें तेव्हां जुन्या लोकांनीं भीति घातली कीं, विद्या आतां पोथींतच राहील. ती भीति सर्वस्वीं खोटी ठरली असें म्हणवत नाहीं. दासोपंतांनीं पासोडी लिहिली ती मनांतील विषय लोकांपुढें मांडण्यासाठीं. मनांत नसलेला विषय कापडानें त्यांस पुरविला नव्हता. आपल्या घरांतून जीं मुलें-मुली उद्यां बालाघाटावरून विमानें घेऊन जातील, त्यांनीं कांचेची पाटी खुशाल मांडीवर घ्यावी. मात्र खालीं गोदावरी दिसतांच ‘ही गोदावरी’ असें पाटीकडे न पाहतां म्हणतां यावें, एवढें आमचें मागणें आहे.