रिपोर्ट नॉर्मल, मग गोळी कशाला?

रिपोर्टवर एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा एकदाचा शंभराच्या खाली आला की घरोघरी हा प्रश्न निघतो. अँटिबायोटिकचा कोर्स संपतो, तसा या गोळीचाही संपला असेल असं वाटणं साहजिक आहे. पण तो आकडा गोळी चालू असतानाचा आहे, हे रिपोर्टवर कुठे छापलेलं नसतं.

रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच ते बनवतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली औषधं यकृतातलं हे काम करणाऱ्या एका मोक्याच्या एन्झाइमला अडवतात. पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडू लागतं, मग त्या एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. याच रिसेप्टरवरच्या संशोधनासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. गोळी थांबली की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं आणि काही आठवड्यांत एलडीएल जवळपास पूर्वीइतकं होतं. त्याने अंगात काही जाणवत नाही, हीच खरी पंचाईत.

शिवाय ‘नॉर्मल’ सगळ्यांचं सारखं नसतं. ज्याला हार्ट अटॅक येऊन गेला आहे, त्याचं एलडीएल ७० च्या, बऱ्याचदा ५५ च्याही खाली ठेवायचं असतं. लॅबच्या छापील मर्यादेत आकडा बसला, एवढ्याने भागत नाही.

गोळी सोडण्याचं दुसरं कारण म्हणजे पाय दुखणं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटून पालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी दिली आणि काही महिने काहीच दिलं नाही. २०२० मध्ये निकाल आला: स्टॅटिनवर जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला! दुखणं खोटं नव्हतं. पण त्याचं मूळ बहुतांशी गोळी घेण्यात आणि तिच्या धास्तीत होतं. अर्थात स्नायूंना खरीखुरी इजाही क्वचित होते. दुखणं तीव्र असेल, लघवी गडद होत असेल तर लगेच डॉक्टरांना गाठावं.

गोळी कधीच थांबत नाही, असंही नाही. गरोदरपणात ती सहसा बंद करतात. ज्यांना हृदयविकार नाही, धोका मुळात कमी होता आणि वजन, आहार, तंबाखू यांत खरा बदल झाला आहे, त्यांचा डोस कमी करण्याचा विचार डॉक्टर करू शकतात. तेव्हा पुढच्या भेटीत ‘गोळी बंद करू का?’ याआधी ‘ती मला कशासाठी दिली होती?’ हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत ती घेत राहा.