सहाव्या जागेवरचं अक्षर

लग्न जुळवताना पत्रिकेआधी ‘सिकल केलंय का?’ ते विचारा, असं गडचिरोली-चंद्रपूरकडे आरोग्यसेविका कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत. काही घरांत आता ते विचारलंही जातं. सिकल म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची तपासणी. उत्तर हिमोग्लोबिनचे प्रकार सांगणाऱ्या दोन अक्षरांत मिळतं. ‘एए’ म्हणजे काही नाही, ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे आजार. मुलगा-मुलगी दोघंही एएस असतील तर दर बाळंतपणात मूल एसएस निघण्याची शक्यता २५ टक्के. नागपूरपासून नंदुरबारपर्यंत ‘तिचा पॅटर्न एएस आहे’ हे वाक्य तापाचा आकडा सांगावा इतक्या सहज बोललं जातं. प्रथिनं वाचण्याची सगळी विद्या या पॅटर्नमागे उभी आहे. तिचा आढावा घ्यायचा तर इन्सुलिनपासून कर्करोगापर्यंत कुठूनही सुरुवात करता येईल, पण मी हिमोग्लोबिन या लाल पेशीतल्या प्रथिनाचं बोट सोडणार नाही.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी पाहिल्या आणि तसं लिहून ठेवलं. पेशी वाकडी का होते, हे कळायला सूक्ष्मदर्शक अपुरा होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी आणि रुग्ण माणसांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात सोडलं. दोन्हींची चाल वेगळी निघाली. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र सापडले. म्हणजे दोष पेशीत नव्हता, तिच्यातल्या रेणूत होता. लेखाच्या शीर्षकातच पॉलिंगनी याला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. विद्युतभारात फरक आहे एवढं समजलं. ५७४ अमिनो आम्लांच्या त्या अजस्र रेणूत तो नेमका कुठे, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

प्रथिनातल्या अमिनो आम्लांना ठरावीक क्रम असतो, हेसुद्धा तेव्हा सर्वमान्य नव्हतं. ते सिद्ध केलं केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी. इन्सुलिनची ५१ अमिनो आम्लं ओळीने लावायला त्यांना दहा वर्षं लागली. साखळीच्या टोकाला पिवळा रंग चढवायचा, साखळी तोडायची, रंगीत तुकडा कोणता ते पाहायचं. पुन्हा वेगळ्या जागी तोडायची आणि तुकड्यांचे काठ एकमेकांवर जुळवायचे. फाटलेली चिठ्ठी जुळवावी तसं. दरम्यान स्वीडनच्या पेर एडमन यांनी टोकाकडून एकेक आम्ल सोलून काढण्याची रीत बसवली. पुढे तिचं यंत्र झालं आणि काही दशकं जगभर तेच चाललं.

हे तुकडे वेगळे करायचे कसे, याचं उत्तर लोकरीच्या कारखानदारीतून आलं. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज इंग्लंडमधल्या लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत काम करत. लोकर म्हणजे केराटिन, एक प्रथिनच. त्यातली अमिनो आम्लं वेगळी काढण्याच्या खटपटीतून त्यांची क्रोमॅटोग्राफी जन्मली आणि १९४४ मध्ये मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती टीपकागदावर आणली. गंमत अशी की आज प्रथिनांच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त शिव्या केराटिनलाच बसतात. कातडीचा एक कण किंवा स्वेटरचा एक धागा नमुन्यात पडला, की यंत्र इमानदारीने माणसाचं नाहीतर मेंढीचं केराटिन मोजून दाखवतं!

आता व्हर्नन इन्ग्रॅम. १९५६ साली, केंब्रिजमध्येच, त्यांनी केलेला प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो, कारण तो जवळजवळ स्वयंपाकघरातला आहे. एवढा मोठा रेणू सबंध वाचण्याच्या फंदात ते पडलेच नाहीत. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातलं पाचकद्रव्य प्रथिनाला वाटेल तिथे तोडत नाही. लायसीन किंवा आर्जिनीन आलं की त्यापुढेच कात्री चालवतं. म्हणून एकच प्रथिन कितीही वेळा पचवलं तरी तुकडे तेच पडतात. हे तुकडे म्हणजे पेप्टाइड. इन्ग्रॅमनी ते टीपकागदाच्या कोपऱ्यावर ठेवले, एका दिशेने वीज सोडून पांगवले, मग काटकोनात द्राव चढवून पुन्हा पांगवले आणि वर निनहायड्रिन फवारलं. कागदावर सुमारे तीस जांभळे ठिपके उमटले. या नकाशाला त्यांनी ‘बोटाचा ठसा’ म्हटलं. पोलीसही कागदावरचे घामट ठसे उठवायला हेच निनहायड्रिन वापरतात, कारण घामातही अमिनो आम्लं असतात.

निरोगी आणि सिकल अशा दोन रक्तांचे दोन कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जागच्या जागी होते, फक्त एक सरकलेला. तो तेवढा कापून वाचला. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या तोंडाशी असलेला हा आठ आम्लांचा तुकडा, आणि त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी वॅलीन. १४६ आम्लांच्या साखळीत बदल एवढाच. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, ते पाण्यात रमतं. वॅलीन तेलकट, पाण्याला टाळणारं. प्राणवायू सुटला की एका रेणूचं वॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, रेणूंचे दोर वळले जातात आणि त्या दोरांनी पेशी विळ्यासारखी वाकते. पॉलिंगना दिसलेला विद्युतभाराचा फरकही इथेच सापडला. इन्ग्रॅमना नोबेल मिळालं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

आज जिल्ह्याच्या ठिकाणी जे होतं ते याच विद्येचं घरगुती रूप. शिबिरात बोटाच्या रक्ताचा थेंब सोल्युबिलिटी चाचणीच्या द्रावात टाकतात. द्राव गढूळ झाला आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर एस आहे. एएस की एसएस, हे गढूळपणावरून ठरत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे पॉलिंगच्या विजेच्या क्षेत्रात, किंवा एचपीएलसी या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात जातो. या यंत्रात भारित कणांनी भरलेल्या नळीतून आधी एफ, मग ए, मग ए-टू आणि शेवटी एस असे हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे कळस काही मिनिटांत आलेखावर उमटतात. लीड्सचा टीपकागद पोलादी नळीत शिरला, एवढंच.

बीटा साखळीच्या याच टोकाशी आणखी एक आजार मोजला जातो. १९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा पट्टा दिसला. रक्तातली साखर बीटा साखळीच्या पहिल्या वॅलीनला चिकटत होती. हेच आपलं ‘एचबीएवनसी’, तीन महिन्यांची साखर. ही चाचणी जगभर ज्या प्रमाणित पद्धतीशी ताडून बघतात, तिच्यात एक दुसरी कात्री साखळीचा पहिल्या सहा आम्लांचा तुकडा काढते, आणि साखर चिकटलेले व न चिकटलेले तुकडे मोजले जातात. ही कात्री ग्लुटामिक आम्लाशीच चालते. एसच्या साखळीत सहाव्या जागी ते आम्लच नाही! शिवाय निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, एसएस रुग्णाची जेमतेम दहा-वीस. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. सिकलच्या पट्ट्यात मधुमेहाचा रिपोर्ट वाचणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवं.

पुढची उडी वजनकाट्याची. रेणू तोलणारा मास स्पेक्ट्रोमीटर जुनाच, पण त्यासाठी रेणू वायुरूपात उडवावा लागतो आणि प्रथिन उडवायला गेलं की जळून फुटतं. जॉन फेन यांनी विद्युतभारित फवाऱ्याने हे साधलं. क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतले अभियंते कोइची तानाका यांनी कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन ओतलं, महागडी भुकटी टाकवेना म्हणून ती तशीच लेसरखाली धरली, आणि रेणू अखंड उडाला. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघेही होते. आज प्रचारात असलेली लेसरची पद्धत मात्र हिलेनकॅम्प आणि कारास या जर्मन जोडीची, आणि समितीने त्यांना वगळलं. या काट्यावर निरोगी बीटा साखळी १५,८६७ डाल्टन भरते, सिकलची १५,८३७. फरक तीसाचा, ग्लुटामिक आम्ल आणि वॅलीन यांच्या वजनांतला.

काटा हाती आल्यावर हाव सुटली. त्याच २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अमेरिकी निबंध आला. रक्तद्रवातल्या कळसांची नक्षी संगणकाला दाखवली आणि त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचे ५० पैकी ५० नमुने ओळखले, कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर वगळले. वर्तमानपत्रं हरखली. ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी मूळ आकडे उघडून पाहिले, तेव्हा रोगी-निरोगी फरक यंत्राच्या निव्वळ गोंगाटातही दिसत होता, जिथे प्रथिनं नव्हतीच. म्हणजे संगणक बहुधा नमुने हाताळण्यातला फरक ओळखत होता. चाचणी रुग्णांपर्यंत पोचली नाही. माझ्या मते इथे यंत्राचा दोष नव्हता. इन्ग्रॅमनी सरकलेला ठिपका कापून त्याचं नाव शोधलं होतं. इथे निनावी कळसांवरच निदान उभं केलं. रक्तद्रव तर फारच अवघड. एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन सुमारे ४० मिलिग्रॅम, आणि इंटरल्युकिनसारखा निरोप्या काही पिकोग्रॅम. पटीत बोलायचं तर काही अब्जांची. पंढरीच्या वारीत एकट्याची कुजबूज ऐकण्यासारखं ते आहे.

सिकलच्या उपचारांतही कळसांचीच मोजदाद चालते. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या मुलात अर्भकावस्थेतलं एफ हिमोग्लोबिन वाढतं, आणि एफ रेणूंचे दोर वळू देत नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली कॅसजेव्ही ही जनुक-संपादनाची उपचारपद्धतीसुद्धा सहाव्या जागेला हात लावत नाही. एफवरचं कुलूप तेवढं काढते. त्यामुळे बरं वाटू लागलेल्या मुलाच्या रिपोर्टातही एसचा कळस छापून येतोच. डॉक्टरांचं बोट आधी जातं ते डावीकडच्या एफवर, आणि मागच्या वेळचा कागद पिशवीतून काढून आई तो शेजारी धरते.