टिचबटणं आणि गुणसूत्रं

दिवाळीच्या सुट्टीत औरादला मावशीकडे गेले, तेव्हा मावसबहीण पीयूसी पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र पाठ करत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज हे तिला तोंडपाठ होतं; पण म्हणजे नेमकं काय होतं असं विचारलं, की पुन्हा तीच चार नावं. मी साहित्याची विद्यार्थिनी. बारावीपर्यंत विज्ञान होतं एवढीच माझी पुंजी. तरी म्हटलं, पुस्तक मिट आणि मावशीचा शिवणाचा डबा आण.

अंगणात रांगोळीने मोठं वर्तुळ काढलं. ही पेशी. तिच्यात लोकरीचे चार तुकडे ठेवले: लाल आईकडून आलेले, निळे वडिलांकडून; दोन्ही रंगांत एक लांब, एक आखूड. प्रत्येकाच्या मध्यावर टिचबटणाचा एक भाग टाचला. विभाजनाआधी पेशी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करते, म्हणून प्रत्येक तुकड्याला त्याच रंगाचा, त्याच लांबीचा जोडीदार कापला, त्यावर बटणाचा दुसरा भाग टाचला आणि टिच् करून लावून टाकलं.

"आता गुणसूत्रं किती?"

"आठ."

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं, माझंही अडलं होतं. तुकडे आठ असले तरी गुणसूत्रं चारच. बटणं मोजायची. बटण लागलेलं आहे तोवर ते दोन तुकडे मिळून एक गुणसूत्र; बटण उघडलं की प्रत्येक तुकडा स्वतंत्र गुणसूत्र होतो.

मग चारही गुणसूत्रं मध्यरेषेवर एकाखाली एक मांडली, दोन्ही बाजूंना दोरे बांधले आणि समोरासमोर बसून ओढलं. टिच्, टिच्. तिच्याकडे चार, माझ्याकडे चार, अगदी सारखी. झालं सूत्री विभाजन. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी हेच चालू असतं: तिथे 16 गुणसूत्रं, आणि प्रत्येक नव्या पेशीतही 16. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशींत हा सगळा प्रकार पाहून 1882 साली त्यावर पुस्तक लिहिलं. 'मायटोसिस' हे नाव त्याचंच, ग्रीक भाषेतल्या 'धागा' या शब्दावरून. आपलं 'सूत्र' म्हणजे तरी दुसरं काय? मराठी शब्द सांगितल्यावर ती हसली. "म्हणजे लोकर बरोबरच निवडली की अक्का!"

अर्धगुणसूत्री विभाजनात मात्र तिचा हात चुकला. तिने लगेच बटणं उघडायला घेतली. पहिल्या फेरीत बटणं उघडतच नाहीत. लांब लाल शेजारी लांब निळं येतं, आखूड लाल शेजारी आखूड निळं. टोकांची थोडी अदलाबदल होते (आम्ही कात्रीने कापून गाठी मारल्या), आणि मग जोडी फुटते. बटणं उघडतात ती दुसऱ्या फेरीत. शेवटी चार वर्तुळं, प्रत्येकात दोनच धागे. कोणत्या जोडीतलं लाल कुठल्या बाजूला जाईल ते निव्वळ योगायोगावर. दोन जोड्यांत चार प्रकार होतात. गावाबाहेर फुलावर आलेल्या तुरीत 11 जोड्या, म्हणजे 2,048. माणसाच्या 23 जोड्यांत 83,88,608, आणि त्यात गाठी धरलेल्याच नाहीत.

दुसऱ्या फेरीत एक बटण उघडेना. जुनं, गंजलेलं. ती नखाने उचकटायला लागली, मी म्हटलं राहू दे, तसंच ओढ. एका वर्तुळात तीन धागे गेले, दुसऱ्यात एकच. तीनवाल्या वर्तुळात दुसऱ्या पालकाचे दोन मिळवले, की आखूड गुणसूत्रं होतात तीन. माणसात 21 व्या गुणसूत्राच्या तीन प्रती आल्या, की त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. हे 1959 साली पॅरिसमध्ये लेज्यून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी दाखवलं. खऱ्या पेशीत हे बहुतेक वेळा बीजांड तयार होताना घडतं, आणि तेही बटणापाशी नव्हे, पहिल्या फेरीत जोडी न फुटल्याने. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते. पण तरुण आयांच्या मुलांतही दिसतं.

ती गप्प झाली. त्यांच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. त्याच्या आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून तो तसा झाला, असं बायका बोलतात, तिच्या तोंडावरसुद्धा.

"मग ग्रहणाचं काय?"

"तू सांग. यात ग्रहण कुठं आलं?"

तिने वर्तुळाकडे बराच वेळ पाहिलं. मावशी मघापासून उंबऱ्यात उभी होती. ती खाली आली, गंजलेलं बटण हातात घेऊन दोनदा ओढून पाहिलं. "म्हणजे त्या माउलीनं काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही, मावशी."

"आणि मी पण बोलले होते गं तिला," मावशी म्हणाली. मग पदर खोचून वर्तुळापाशी बसली आणि लेकीला म्हणाली, "पहिल्यापासून दाखव. सावकाश."