धूर थांबला, तरी बंब बाहेरच

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. 76 वर्षांचे एक आजोबा सकाळी दवाखान्यात आले. गेले काही दिवस आंघोळ करताना डोके जड होते, मळमळते आणि उठताना तोल जातो, अशी त्यांची तक्रार होती. रक्तदाब ठीक होता, साखर ठीक होती, हृदयाच्या आलेखातही नवे काही नव्हते. रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम असावा, असे म्हणून मी गोळीची वेळ बदलून दिली. तेवढ्यात सोबत आलेल्या आजी सहज म्हणाल्या, “डॉक्टर, डोकं तर माझंही सकाळी ठणकतं हो. दहाच्या सुमारास आपोआप थांबतं.”

या एका वाक्याने मी सावध झालो. एकाच घरातील दोन माणसांचे डोके एकाच वेळी दुखते आणि उन्हात येऊन बसले की थांबते, तेव्हा कारण शरीरात शोधण्याऐवजी घरात शोधावे लागते. चौकशी केली तेव्हा कळले, की घरात जुना तांब्याचा बंब आहे. आजी पहाटे तो अंगणात पेटवतात. धूर निघून गेला, लाल निखारे उरले, की मुलगा बंब उचलून न्हाणीघरात ठेवतो. थंडी नको म्हणून दार आणि झरोका बंद करतात. आजोबांची पाठ चोळून द्यायला आजीही आतच असतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही बंब आहे. वीज नसली तरी पाणी तापते आणि अंगणातला पालापाचोळा कामी येतो. मक्याचा हंगाम झाला की दाणे काढून उरलेली कणसेही त्यातच जातात. बंबाला माझा विरोध नाही. मात्र तो नीट राखला पाहिजे आणि योग्य जागी ठेवला पाहिजे.

निखाऱ्यांचा न दिसणारा वायू

धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, म्हणून आपण त्याला घाबरतो. धूर संपला की धोका संपला, असे आपल्याला वाटते. हाच आपला मोठा गैरसमज आहे. लालभडक निखाऱ्यांतून धूर जवळजवळ येत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. या विषारी वायूची हिमोग्लोबिनशी असलेली ओढ प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक आहे. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तातील जागा अडवून बसतो, आणि मेंदू व हृदय यांना प्राणवायू कमी पडू लागतो. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच होते. पुढे गोंधळ उडतो, पायांतले बळ जाते, शुद्ध हरपते. दार उघडावे हे कळत असते, पण हात उचलत नाही. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना थोड्या वायूनेही छातीत दुखू शकते.

घरोघरी आलेले पल्स ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू धरलेले आणि विषारी वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. त्यामुळे माणूस अत्यवस्थ असतानाही आकडा 97 किंवा 98 दिसू शकतो. त्यावर विसंबू नये.

बंब कुरकुरतो तेव्हा

बंबाची रचना साधी आहे. मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ, भोवती पाणी, तळाशी जाळी आणि खाली राख पडायला जागा. हवा खालून जाळीतून आत शिरते व नळीतून वर जाते. ही वाट मोकळी असेल तर जाळ स्वच्छ लागतो. वाट तुंबली की धूर, काजळी आणि विषारी वायू तिन्ही वाढतात.

*धूर फार होतो.* प्रथम जाळी पाहा. कालची राख साचलेली असते. ती काढूनही धूर होत असेल तर जळण ओले आहे किंवा नळी तोंडापर्यंत ठासून भरली आहे. जळण थोडे थोडे घालावे. मक्याची कणसे भरभर पेटतात आणि लवकर विझतात, म्हणून एकदम भरण्याचा मोह होतो, तो टाळावा.

*पाणी तापायला वेळ लागतो.* नळीच्या आतील बाजूस काजळीचा थर आहे का, ते पाहा. बंब पूर्ण गार असताना लांब दांड्याच्या ब्रशाने तो काढावा. बोअरवेलचे जड पाणी वापरत असाल तर पाण्याच्या बाजूने क्षारांचा पांढरा थर बसतो. पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून काही तास ठेवावे, मग दोन-तीन वेळा खळखळून धुवावे.

*तोटी ठिबकते.* बहुधा आतील वायसर झिजलेला असतो, तो बदलून घ्यावा. ही दुरुस्ती पुढे ढकलू नये; गरम पाण्याचा थेंब आणि निसरडी फरशी मिळून ज्येष्ठांचे खुब्याचे हाड मोडायला पुरेसे असतात.

*पाणी जाळावर गळते.* सांध्याचा डाख सुटला आहे. बंबात पाणी नसताना जाळ केल्याने असे अनेकदा होते. आधी पाणी, मग काडी, हा क्रम कधीही मोडू नये. गळका बंब तांबटाकडे न्यावा; घरी लावलेला लुकणाचा लेप आचेपुढे टिकत नाही.

काही बंबांत नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तेवढेच गरम पाणी तोटीतून बाहेर येते. अशा बंबाचे नरसाळे किंवा वाफेची वाट बोळा घालून कधीही बंद करू नये. कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते.

जळण कसे असावे

जळण कोरडे हवे. मक्याची कणसे चांगली उन्हात वाळवून, पावसापासून दूर, जमिनीपासून थोडी उंच ठेवावीत. बुरशी आलेली कणसे हाताळताना बुरशीचे कण उडतात आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो; ती टाकून द्यावीत. ढिगात विंचू-साप असू शकतात, म्हणून अंधारात हात न घालता चिमट्याने कणसे काढावीत.

दुधाच्या पिशव्या, प्लास्टिक, थर्माकोल, टायरचे तुकडे, रंग दिलेले लाकूड बंबात घालू नये. त्यांचा धूर अधिक विषारी असतो. मंदावलेल्या जाळावर रॉकेल तर मुळीच ओतू नये. भडका थेट चेहऱ्यावर येतो. धुरापाशी रोज बसणाऱ्या व्यक्तीला जुना खोकला किंवा धाप असेल, तर हे काम घरातील दुसऱ्या कोणी घ्यावे. “मला सवय आहे” असे आजी म्हणतील. सवय मनाला होते, फुप्फुसांना होत नाही.

आंघोळीची शिस्त

बंब उघड्यावर किंवा दोन बाजूंनी मोकळ्या पडवीत ठेवावा आणि गरम पाणी बादलीने आत न्यावे. निखारे असलेला बंब न्हाणीघरात नको. झरोका उघडा आहे, एवढे समाधान पुरेसे नाही. हाच नियम खोलीत ऊब यावी म्हणून ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीलाही लागू आहे. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरचा धोकाही याच जातीचा. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर असावा, आणि त्याची ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली तर तो बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे.

बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम मिसळावे. पाण्याची ऊब मनगटाने किंवा कोपराने पाहावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पाय घालून अंदाज घेऊ नये. चटका बसलेला कळतही नाही. फार कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब उतरतो, म्हणून कोमट पाणी घ्यावे, पाटाऐवजी उंच स्टुलावर बसावे आणि सावकाश उठावे. आतून कडी लावू नये. दारावर टॉवेल टाकला की आत कोणी आहे हे कळते.

भाजलेच तर त्या भागावर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा बर्फ लावू नये.

कोणी आत कोसळले तर

आधी दार सताड उघडा. खोल श्वास उघड्यावरच घेऊन आत जा, व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत आणा. आत थांबून उपचार करू नका, नाहीतर दुसरा माणूसही पडतो. 108 वर फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. श्वास थांबला असेल आणि आपल्याला येत असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

रुग्णालयात गेल्यावर पहिले वाक्य असे असू द्या: “न्हाणीघरात निखारे होते.” हे न सांगितल्यास पक्षाघात किंवा साखर उतरल्याचा संशय घेऊन वेळ जाऊ शकतो. रक्तातील हा वायू खास तपासणीनेच कळतो. साध्या हवेत तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर एक-दीड तासात तो निम्मा होतो. म्हणून “आता बरे वाटते” म्हणून परत फिरू नका. बरे झाल्यावरही काही आठवडे स्मरणशक्ती, चाल आणि स्वभाव यांकडे लक्ष ठेवा. मेंदूवरील परिणाम उशिरा दिसू शकतात.

भिंतीवर लावण्यासाठी

रोज: गार राख काढणे, आधी पाणी भरणे, मग पेटवणे. राख धातूच्या डब्यात ठेवावी. वरून गार दिसणाऱ्या राखेत ठिणगी असते.

आठवड्याला: नळीतील काजळी, जाळी आणि तोटी तपासणे.

दिवाळीपूर्वी: क्षार काढणे, सांधे तांबटाला दाखवणे, जळणाची जागा कोरडी करणे.

त्या आजोबांच्या घरी आम्ही फारसे काही केले नाही. मुलाने बंब मागील पडवीत कायमचा ठेवला आणि पाणी बादलीने आत जाऊ लागले. मी गोळीची वेळ पूर्वीसारखी केली. आठ दिवसांनी दोघे पुन्हा आले, तेव्हा डोकेदुखीचा विषयच निघाला नाही. आजींची तक्रार वेगळीच होती: पडवीतून बादली आणेपर्यंत पाणी निवते. मी त्यांना बादलीवर झाकण ठेवायला सांगितले.